आसनात वाकायचं कुठून आणि वाकतंय काय

‘गुडघे ताठ ठेवा, कपाळ गुडघ्याला लावा.’ कमाटीबागेतला पहाटेचा वर्ग असो की सोसायटीच्या गच्चीवरचा, पुढे वाकायचं आसन आलं की बडोद्यात ही सूचना कानावर पडतेच. सूचना जुनी आहे, लक्षात ठेवायला सोपी आहे आणि बऱ्याच जणांच्या कमरेला घातक आहे. कपाळ गुडघ्याला लागलं का, एवढंच बघितलं जातं. ते खुब्यातून वाकून लागलं की पाठीला पोक काढून, हे बघायचं राहून जातं.

खरं तर आसनात शरीरात काय होतं हे तपासून बघणं बडोद्याला नवं नाही. डभोईला १८८३ साली जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, बडोद्यातच प्रो. माणिकरावांकडे व्यायाम शिकले. पुढे १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढून त्यांनी उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रियांचा क्ष-किरण यंत्र लावून अभ्यास केला. आपल्याला यंत्र लागणार नाही. दोन हातांची बोटं, घडी घातलेली दोन-तीन ब्लँकेट, एक भिंत आणि मोबाईलमधलं कोन मोजणारं अ‍ॅप एवढ्यावर भागतं.

आधी तीन संवेदना वेगळ्या करा

आसन कुठे अडतं याची कारणं मुख्यतः तीन, आणि तिन्ही शरीरात वेगवेगळी जाणवतात.

स्नायू कमी पडत असेल तर ताण हालचालीच्या उलट्या बाजूला येतो. पुढे वाकलात तर मांडीच्या मागे, मागे वाकलात तर जांघेत. हा ताण स्नायूच्या मधल्या भागात पसरलेला असतो आणि श्वास सोडला की थोडा सैलावतो. असं अडलेलं आसन सरावानं सुधारतं.

हाडाला हाड टेकत असेल तर टोचल्यासारखं, एका बिंदूत आणि मिटणाऱ्या बाजूला लागतं. पवनमुक्तासनात मांडी पोटाशी आणताना जांघेच्या घडीतच काही चिमटल्यासारखं वाटलं, तर तिथे ताणायला काहीच नाही. जोर लावून उपयोग नाही. दिशा बदलायची. गुडघा काखेकडे थोडा बाहेर न्या, बहुतेक वेळा वाट मोकळी होते.

तिसरी नस. झिणझिण्या, विजेसारखी रेघ, तळव्यापर्यंत जाणारी ओढ. नसेला ताणून धरलेलं सोसत नाही. तिथे थांबणं म्हणजे दुखणं ओढवून घेणं.

‘कुठे लागतंय?’ हा प्रश्न दर आसनात विचारायचा आणि उत्तरादाखल बोट ठेवायला सांगायचं. नुसतं ‘इथे सगळीकडे’ म्हणणाऱ्याचा बहुतेक स्नायू असतो. एका बोटानं नेमकी जागा दाखवणाऱ्याकडे जास्त लक्ष द्या.

पुढे वाकणं

पश्चिमोत्तानासन (बसून पुढे वाकणं) आणि पादहस्तासनात (उभं राहून पुढे वाकणं) हालचाल मुख्यतः दोन ठिकाणांहून येते, खुब्याचे सांधे आणि कमरेचे पाच मणके. खुबा हा उखळीचा सांधा. गुडघा दुमडलेला असला तर मांडी पोटाकडे साधारण १२० अंशांपर्यंत येते. गुडघा सरळ केला की तीच हालचाल बहुतेकांची ७० ते ९० अंशांच्या दरम्यान थांबते.

थांबवणारे स्नायू म्हणजे हॅमस्ट्रिंग, मांडीमागचे तीन लांब स्नायू. ते बैठकीच्या हाडापासून निघतात, खुबा ओलांडतात, गुडघाही ओलांडतात आणि गुडघ्याच्या खाली नडगीच्या दोन्ही अंगांना चिकटतात. म्हणजे गुडघा ताठ केला की यांचं खालचं टोक आधीच ओढलं गेलं. आता वरचं टोक मोकळं होईल तेवढंच कटीचं हाड (ओटीपोटाभोवतीचं हाडांचं कडं) पुढे कलणार. ते कललं नाही आणि माणसानं अंगठे धरून ओढलंच, तर उरलेलं वाकणं कमरेच्या मणक्यांकडून वसूल होतं. मणक्यांमधल्या चकत्या पुढून दाबल्या जातात, मागचे अस्थिबंध (हाडाला हाड बांधणारे पट्टे) ताणले जातात आणि हॅमस्ट्रिंग होते तिथेच राहतात. वर्षानुवर्षं पश्चिमोत्तानासन करूनही मांड्या मोकळ्या न झालेले लोक दिसतात, त्यांचं गणित इथे चुकलेलं असतं.

तपासायचं कसं? पाय लांब करून दंडासनात बसा. तळहात कमरेच्या मागे आडवा ठेवा. मणक्यांची टोकं हाताला टोचत असतील आणि वजन माकडहाडाकडे गेलं असेल, तर अजून वाकायला सुरुवातही झालेली नाही आणि हॅमस्ट्रिंग संपलेत. दुसऱ्याचं बघायचं असेल तर कमरेच्या दोन लागोपाठच्या मण्यांवर तर्जनी आणि मधलं बोट ठेवा (आधी विचारून) आणि त्याला सावकाश वाकायला सांगा. बोटं एकमेकांपासून लांब गेली की मणके वाकताहेत. बोटांमधलं अंतर तेवढंच राहून सगळा हात पुढे कलला, तर खुबा वाकतोय.

आता आसन असं बांधा:

१. ब्लँकेटची १० ते १५ सेंटिमीटर उंच घडी घ्या आणि तिच्या अगदी कडेवर बसा. बैठकीची हाडं वर, मांड्या उताराला. नितंब एकेक करून हातानं मागे सरकवा.

२. गुडघे एवढे दुमडा की पोट मांड्यांना टेकेल. हवं तर खाली टॉवेलची गुंडाळी घाला.

३. हात जांघेच्या घडीत ठेवून तिथून वाका. बेंबी मांडीकडे जाऊ द्या, कपाळाचं नंतर बघू.

४. पोट मांडीला चिकटलेलंच ठेवून टाचा हळूहळू पुढे सरकवा. पोट सुटायला लागलं की थांबा. आजचं पश्चिमोत्तानासन तेवढं.

५. तीस सेकंद थांबा. मग टाचा जमिनीत रोवून स्वतःकडे ओढायचा प्रयत्न करा, पण त्या हलू देऊ नका. पाव ताकदीनं, ६ ते ८ सेकंद. सोडा, श्वास बाहेर टाका आणि टाचा एक-दोन सेंटिमीटर पुढे. अशा दोन-तीन फेऱ्या पुरे.

पाचव्या पायरीत ताणलेला स्नायू आवळून सोडल्यानं मेंदू त्या लांबीला थोडा सरावतो आणि पुढचा ताण सहन करू देतो. पूर्ण ताकद लावली तर मात्र गोळा येतो, विशेषतः थंडीत. गुडघ्याची वाटी मांडीकडे खेचायची सूचनाही उपयोगी आहे. मांडीचा पुढचा स्नायू आवळला की मागच्याला ढिलं पडायची खूण मिळते. पण वाटी खेचणं वेगळं आणि गुडघा मागे ढकलणं वेगळं. ज्यांचे गुडघे उभं राहिल्यावर मागे कमानीसारखे जातात, त्यांनी केसभर वाकवूनच ठेवावेत.

नितंबाच्या खाली अगदी बैठकीच्या हाडावरच दुखत असेल, स्कूटरच्या सीटवर थोडा वेळ बसल्यावरही वाढत असेल, तर ती कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) हाडाला चिकटते ती जागा आहे. इथे आणखी ताणणं हा सगळ्यात सर्रास होणारा घोटाळा. काही आठवडे खोल वाकणं बंद ठेवा आणि सेतुबंधासन (उताणं झोपून कंबर उचलणं) करा: पाय नितंबांपासून नेहमीपेक्षा वीतभर लांब, ३० सेकंद धरून ठेवायचं, ४-५ वेळा, एक दिवसाआड. कंडरेला ताणापेक्षा भार मानवतो.

नस आहे का, ते मानेवरून कळतं. पाठ जिथे आहे तिथेच ठेवून फक्त हनुवटी वर उचला. पायातली ओढ कमी झाली तर ती हॅमस्ट्रिंगची नव्हती, कारण हॅमस्ट्रिंग मानेपर्यंत जात नाहीत. अशा माणसानं गुडघे दुमडावेत, पावलं सैल सोडावीत, थांबू नये. हलकेच ये-जा दहा वेळा. झिणझिण्या रोज येत असतील किंवा पायातली ताकद कमी वाटत असेल तर वर्ग थांबवून डॉक्टरांना दाखवायचं.

हेच सगळं सूर्यनमस्काराला लागू. रूढ १२ स्थितींच्या नमस्कारात पादहस्तासन दोनदा येतं, म्हणजे १२ नमस्कारांत २४ वेळा वाकणं. रथसप्तमीला हौसेनं १०८ घालणाऱ्यांची २१६ होतात. एकदा पोक काढून वाकलं तर पाठ सोसते, २१६ वेळा सोसेलच असं नाही. गुडघे वाकवून हात जमिनीला टेकवा, नाही टेकले तर विटेवर टेकवा.

आणि वेळ. रात्रभर आडवं राहिल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, म्हणून उठल्यानंतरच्या पहिल्या तासात पुढे वाकताना त्यांच्यावर एरवीपेक्षा बराच जास्त ताण येतो. साडेपाचला उठून सहाला बागेत येणाऱ्यांच्या वर्गात पहिली २०-२५ मिनिटं उभी आसनं, खांदे, घोटे आणि ताडासनातली हालचाल घ्यावी. पुढे वाकायचं शेवटच्या भागात. डिसेंबर-जानेवारीत तर हा क्रम मोडूच नये.

पद्मासन गुडघ्याचं नव्हे, खुब्याचं

गुडघा मुख्यतः बिजागरीचा सांधा. सरळ असताना तो जवळजवळ कुलूपबंद असतो; दुमडल्यावर नडगी थोडी आत-बाहेर फिरते, पण थोडीच. पद्मासनात पाऊल विरुद्ध जांघेवर येण्यासाठी लागणारं फिरणं मांडीच्या हाडानं खुब्याच्या उखळीत करायचं असतं. ते झालं नाही आणि पाऊल हातानं ओढून वर ठेवलं, तर पीळ गुडघ्यात जातो. आतली बाजू चिमटते, बाहेरचा अस्थिबंध ताणला जातो, मधली कूर्चा (दोन हाडांमधली गादी) सापडते. कूर्चा एकदा फाटली की पद्मासन राहिलं बाजूला, जिना उतरणं अवघड होतं.

जाता जाता: नवरात्रात नऊ रात्री गरबा खेळून झाल्यावरच्या आठवड्यात पद्मासन टाळलेलंच बरं. पाऊल जमिनीवर रोवलेलं ठेवून अंग फिरवलं की तो पीळही गुडघ्यातच उतरतो. आधीच चिडलेल्या सांध्यावर आणखी कशाला?

आपला खुबा किती फिरतो ते मोजता येतं. टेबलावर किंवा उंच ओट्यावर बसा, पाय लोंबते ठेवा. मांडी हलू न देता आणि नितंब न उचलता उजवं पाऊल डावीकडे झुलवा. मोबाईल नडगीवर धरून कोन बघा. पाय सरळ खाली लोंबताना शून्य. ४५ अंशांच्या आसपास आलं तर चांगलं. ३० च्या खाली असेल तर पद्मासनाचं नाव घेऊ नका. बद्धकोनासन (तळवे जुळवून गुडघे बाहेर सोडून बसणं) आणि साधी मांडी यावर काम करा. दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजा. झोपाळ्यावर नेहमी एकच पाय दुमडून बसणाऱ्यांना इथे फरक दिसला तर नवल नाही.

काहींचा कोन सरावानं वाढतो, काहींचा वाढत नाही. मांडीच्या हाडाची मान मोठ्या माणसात सरासरी १५ अंश पुढे वळलेली असते, पण हा आकडा माणसागणिक बदलतो. ती जास्त पुढे वळलेली असेल तर पाय आतल्या बाजूला सहज फिरतो आणि बाहेरच्या बाजूला कमी. अशी माणसं लहानपणी पाय बाजूला टाकून ‘डब्ल्यू’सारखी बसणारी असतात, वीरासन (पावलं नितंबांच्या दोन्ही बाजूंना ठेवून बसणं) त्यांना चटकन जमतं, पद्मासन नाही. हाडाचा आकार आसनांनी बदलत नाही. हे ऐकायला कुणाला आवडत नाही, पण गुडघा शाबूत ठेवायचा तर ऐकलेलं बरं.

कोन पुरेसा असेल तर पाय असा उचला. ८-१० सेंटिमीटरच्या घडीवर बसा. उजवा गुडघा आधी पूर्ण मिटवा, टाच नितंबाजवळ, नडगी मांडीला चिकटलेली. मिटलेला सांधा फिरायला कमी जागा देतो, हेच हवं. आता एक हात नडगीखाली आणि एक घोट्याखाली घालून मांडी-नडगी मिळून एकच वस्तू असल्यासारखी उचला, गुडघा बाहेर आणि मागे न्या, म्हणजे मांडी खुब्यात फिरेल. मग टाच बेंबीच्या दिशेनं आणा आणि पावलाची कड डाव्या जांघेच्या घडीत ठेवा. मांडीच्या मध्यावर नाही. तिथे ठेवलं की घोटा वाकडा होतो आणि त्याची बाहेरची बाजू ताणली जाते. घोट्याची बाहेरची बाजू सुरकुतलेली न दिसता ताणून लांब झालेली दिसली, तर पाय अजून वर जायला हवा किंवा खाली उतरवायला हवा.

उजवा गुडघा अधांतरी राहिला तर त्याखाली टॉवेल घाला. त्याला हातानं दाबू नका, शिकवणाऱ्यालाही दाबू देऊ नका. गुडघा वर राहिला याचा अर्थ खुबा संपला. दाबलेला जोर कुठे जाणार ते वर आलंच आहे. ताण नितंबात बाहेरच्या बाजूला यावा. गुडघ्यात काहीही, अगदी ‘गोड’ ताणसुद्धा जाणवला तर त्याच वाटेनं उलटं उतरायचं. घाईत पाय झटकून काढताना होणाऱ्या इजा आसनात बसताना होणाऱ्यांपेक्षा कमी नसतात.

हात वर जाताना खांदा खाली ओढू नका

‘खांदे कानांपासून लांब’ ही सूचना हात खाली असताना ठीक. हात डोक्यावर नेताना ती उलट काम करते. हात १८० अंश वर जातो तेव्हा साधारण १२० अंश खांद्याच्या सांध्यातून येतात आणि ६० खवाटा (पाठीवरचं खांद्याचं चपटं हाड) फिरल्यामुळे. खवाटा वर-बाहेर फिरला नाही तर दंडाच्या हाडाचा उंचवटा वरच्या हाडाला लागतो आणि मधली कंडरा घासते. पर्वतासनात (हात-पाय जमिनीवर, कंबर वर) खांद्याच्या टोकावर चिमटा बसतो म्हणणाऱ्यांना खवाटा मोकळा सोडायला सांगा: हातांनी जमीन लांब ढकला, खांदे कानांकडे आले तर येऊ द्या, काखेची बाहेरची कड चेहऱ्याकडे वळवा. या वळण्यानं तो उंचवटा मागे सरकतो.

मोजायला भिंत पुरते. पाठ भिंतीला, टाचा १५ सेंटिमीटर पुढे, कंबर आणि खालच्या बरगड्या भिंतीलगत. कोपर सरळ ठेवून हात वर न्या. बरगड्या सुटायच्या आत अंगठे भिंतीला लागले तर खांदा मोकळा आहे. नाही लागले, तर ताडासनात हात कानाशी आणण्यासाठी तुम्ही आतापर्यंत कमर वाकवत होतात. मग हात खांद्यांपेक्षा रुंद ठेवा.

बाकीचे सांधे, थोडक्यात

मनगट मागे साधारण ७० अंश वळतं. फलकासनात (हातांवर अंग फळीसारखं ताठ धरणं) खांदा थेट मनगटावर आणला की ९० मागितले जातात. तळहाताच्या टाचेखाली मॅटची कड दोनदा दुमडून घाला आणि तर्जनीचं मूळ जमिनीत दाबा, म्हणजे भार करंगळीच्या बाजूला सांडत नाही.

मालासनात (उकिडवं बसणं) टाचा उचलल्या जातात ते बहुधा घोट्यामुळे. भिंतीसमोर पाऊल ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. अंगठा भिंतीपासून १० सेंटिमीटरवर असतानाही लागला तर घोटा पुरेसा आहे. अडताना पोटरीत खाली ताण आला तर सरावानं सुटेल. घोट्याच्या पुढच्या घडीत टोचलं तर हाड टेकतंय. टाचांखाली घडी घालून बसा, आयुष्यभर घातली तरी बिघडत नाही.

पिळाच्या आसनांत कमरेकडून अपेक्षा करू नका. कमरेच्या पाचही मणक्यांचं मिळून फिरणं एका बाजूला फार तर १०-१२ अंश. त्यांचे मागचे छोटे सांधे उभे असल्यामुळे एकमेकांना अडवतात. खरं फिरणं छातीच्या मणक्यांचं. अर्धमत्स्येंद्रासनात (बसून अंग पिळणं) दोन्ही नितंब खिळवून ठेवण्याच्या हट्टापायी कमरेच्या खळीजवळ एका बाजूला दुखणं सुरू होतं. कटी थोडी फिरू द्या, आधी उंच व्हा, बरगड्या फिरवा, मान शेवटी.

भुजंगासनात उलटं. खुबा मागे जेमतेम १०-२० अंश जातो. जांघेतले स्नायू आखडलेले असले तर तेही मिळत नाहीत आणि सगळी कमान कमरेच्या शेवटच्या दोन सांध्यांवर येते. आधी तीन-चार मिनिटं अश्वसंचालनासन (एक पाय पुढे, एक लांब मागे), मागचा गुडघा जमिनीवर, मागच्या बाजूचा नितंब आवळून. मग भुजंगासन करा, कोपर वाकलेले आणि जांघेचं हाड जमिनीला टेकलेलं.

वृक्षासनात पाऊल गुडघ्यावर ठेवू नका. वर किंवा खाली, कुठेही चालेल. उभ्या पायाच्या बाजूला कटी बाहेर ढळली तर नितंबाच्या बाहेरचा स्नायू झोपलेला आहे, पाऊल घोट्याशी उतरवून कटी सरळ करा.

सर्वांगासनात मानेचा हिशेब जुळवावा लागतो. मान पुढे सहज ४५-५० अंश वाकते. खांदे जमिनीवर आणि अंग उभं सरळ असेल तर ९० च्या आसपास लागतात. हा फरक घडीनं भरून काढायचा. तीन-चार ब्लँकेट घट्ट घडी घालून एकावर एक, खांदे कडेपासून ५ सेंटिमीटर आत, डोकं जमिनीवर. मानेच्या तळाचा मोठा मणी जमिनीला किंवा घडीला घासता कामा नये. मागून एक बोट सरकवून खात्री करून घ्या. आसनात असताना मान फिरवायची नाही, कुणी हाक मारली तरी.

रक्तदाब वाढलेला, काचबिंदू, मानेच्या चकतीचा त्रास किंवा हाडं ठिसूळ झालेली असतील तर सर्वांगासन नको. हाडं ठिसूळ असणाऱ्यांनी पाठ गोल करून पुढे वाकणंही सोडावं, कारण मणक्याचा पुढचा भाग चेपू शकतो. काचबिंदूवाले सोडून बाकीच्यांसाठी भिंतीला पाय टेकवून उताणं झोपणं पुरेसं आहे, कटीखाली एक घडी, पाच ते दहा मिनिटं. उतरताना गुडघे दुमडून कुशीवर वळा आणि हाताच्या आधारानं उठा.